बायजाच्या छातीतला आवाज

आगऱ्यांच्या लग्नात जितके विधी तितके धवले. हळद दळताना वेगळा, मांडव घालताना वेगळा, नवरी निघताना वेगळा. ही सगळी गाणी तोंडपाठ असणारी आणि विधी पुढे नेणारी बाई म्हणजे धवलारीण. कोलशेतची धवलारीण बायजा. ती धवला म्हणायला बसली की शेवटचा सूर असा धरून ठेवायची, की मागे गाणाऱ्या बायकांनी पदर सावरावा, पानाचा विडा तोंडात टाकावा, तरी तो सूर आपला चालूच. कोलशेत, बाळकूम, ढोकाळी, कुठेही लग्न ठरलं की माणसं आधी तिच्या ओट्यावर येत. त्या दिवशी तू मोकळी आहेस ना, एवढं विचारून मगच पुढची बोलणी करत.

लग्नसराई सोडली तर बायजा मिठागरातली बाई. खाडीकाठच्या मिठागरात तिचा नवरा नाथा मीठ ओढून काठाला लावायचा आणि बायजा इतर बायकांबरोबर ते पाटीत भरून डोक्यावरून वाहायची. ओलं मीठ जड असतं. त्याचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं आणि जिथे कातडी सोललेली असेल तिथे आग पेटवतं. बायजाला त्याचं काही वाटत नसे. अंगाने रुंद, काळीसावळी, पायाची पकड घट्ट. पाटीला हात न लावता ती बांधावरून सरळ चालायची.

देश स्वतंत्र झाला त्या साली, पाऊस लागायच्या आधी, मीठ न्यायला पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, लागला होता. बांधावरून पडावाच्या काठावर फळी टाकलेली. भरती ओसरायच्या आत माल चढवायचा म्हणून बायका लगबगीने ये-जा करत होत्या. बायजा फळीच्या मध्यावर असताना पडाव हलला आणि फळीचं टोक सटकलं. ती पाटीसकट खाली आली. पाण्यात पडली असती तर हसून वर आली असती. पण पडावाच्या जाड लाकडी काठावर तिची डावी कूस आदळली, आणि मग ती पाण्यात गेली.

नाथाने आणि आणखी दोघांनी तिला बांधावर काढलं. तिला श्वास घेता येईना. बाळकूमहून हाडं बसवणारा धोंडीबा आला. त्याने बोटांनी चाचपून तीन बरगड्या मोडल्याचं सांगितलं, आंबेहळदीचा लेप लावला आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी छाती आवळून बांधली. "सवा मयना पाटी उचलाची नाय," म्हणाला. बायजाने पाटी उचलली नाही. बरगड्या उत्तम जुळल्या. पुढच्या हंगामात ती पुन्हा मिठागरात उभी राहिली.

पण काहीतरी बिनसलं होतं. चार घास जास्त झाले की डाव्या बाजूला छाती भरून येई. उताणं निजलं की दम कोंडे. डाव्या खांद्यात विनाकारण कळ निघे, जणू कोणी तिथे बोट रुतवून बसलंय. बायजाने आपल्या परीने वाट काढली. पोटभर जेवायचं सोडलं, थोडं थोडं चार वेळा खायला लागली. निजताना वाकळेची गुंडाळी पाठीशी घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि तशीच झोपायची. माणसाला सवय कशाचीही होते. दोन वर्षांत ती आडवं झोपणंच विसरली.

दम मात्र गेला. धवल्याची ओळ अर्ध्यावर आली की खालून कोणीतरी श्वास ओढून घेतल्यासारखं व्हायचं. मागच्या बायका सांभाळून घेत. तेवढ्यावर भागलं असतं, पण ढोकाळीच्या एका लग्नात हळदीला ती बसलेली असताना, दोन गाण्यांच्या मध्ये सगळं शांत झालं आणि तिच्या छातीतून आवाज आला. गुडगुड, मग लांबट कुरकुर, मग पुन्हा गुडगुड. शेजारी तिची जाऊ सगुणा बसली होती. पोटातला आवाज कोणाला नवा नसतो. पण हा पोटातून नव्हता, पदराखालून, काळजाच्या जागेवरून येत होता. सगुणा हळूच वीतभर सरकून बसली.

बायजाने ते सरकणं पाहिलं.

सगुणा वाईट नव्हती, घाबरली होती. घाबरलेलं माणूस एकाला सांगतं आणि मोकळं होतं. महिन्याभरात गावभर झालं, की बायजा खाडीत पडली तेव्हा एकटी वर आली नाही, कोणीतरी तिच्याबरोबर आलंय आणि छातीत बसून बोलतंय. भगत आणला. त्याने तांदूळ टाकले, कोंबडा मागितला, आवाजाला नाव गाव विचारलं. आवाज त्याला वाटलं तेव्हा गुडगुडला, उत्तर दिलं नाही. नाथाने कोंबडा दिला, पुढच्या अवसेला आणखी एक दिला.

नंतर ठाण्यातल्या एका डॉक्टरांकडेही ती जाऊन आली. त्यांनी नाडी पाहिली, लुगड्याच्या पदरावरूनच नळी टेकवली. ना त्यांनी पदर काढायला सांगितलं, ना तिने काढला असता. लाल औषधाची बाटली मिळाली. औषध गोड होतं.

लग्नाची बोलावणी हळूहळू थांबली. तोंडावर कोणी काही बोललं नाही. "तुना दम लागते बाय, कनाला तरास?" एवढंच म्हणत आणि कळव्याहून दुसरी धवलारीण आणत. शुभकार्यात असला आवाज कोणाला हवा होता? बायजा वाद घालत बसली नाही. पण एखाद्या घरून धवल्याचे सूर आले की ती हातातलं काम टाकून मिठागराच्या बांधावर निघून जायची.

पडल्यापासून अशी नऊ वर्षं गेली.

छप्पन साली चैत्रात तिच्या एकुलत्या एका मुलीचं, गोदाचं, लग्न झालं. मुलगा बाळकूमचाच. धवला म्हणायला कळव्याची बाई आली. बायजाने तिला चांगलं लुगडं दिलं, पाटावर बसवून जेवू घातलं. मांडवात एके ठिकाणी ती बाई ओळ विसरली आणि इकडे तिकडे पाहू लागली. बायजा पाठमोरी उभी होती. तिने मान न वळवता पुढचे दोन शब्द सांगितले. बाईने धवला पुरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवातली आवराआवर चालली होती. पाण्याने अर्धा भरलेला तांब्याचा हंडा हलवायचा होता. सगुणाने एक कान धरला, बायजाने दुसरा. हंडा उचलला आणि बायजाच्या डाव्या कुशीत काहीतरी आतल्या आत वर सरकलं. तिने हंडा खाली ठेवला नाही, तो हातातून गेलाच. ती दोन्ही हातांनी छाती दाबून मांडवाच्या खांबाला टेकली.

"काय झाला गो बाय?" सगुणाने विचारलं.

"काय तरी अरकला," बायजा म्हणाली.

दुपारपासून उलट्या सुरू झाल्या. आधी खाल्लेलं पडलं, मग हिरवं पाणी. पोटात लाटेसारखी कळ यायची, जायची, पुन्हा यायची. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा घोट ठरेना. शौचाला होईना, वारादेखील सरेना. ओठ सुकले, डोळे आत गेले, श्वास वरच्या वर चालला. सगुणा म्हणाली, भगताला बोलवा. नाथा मुळात कमी बोलणारा. नऊ वर्षं जे सांगतील ते त्याने निमूट केलं होतं. तो उठून उभा राहिला.

"दोन कोंबरे दिले त्याला. आता नाय," म्हणाला. "मी होरी काढतंय."

बैलगाडीचे हादरे तिला सोसले नसते. भरतीचं पाणी होतं. होडीत गवत पसरून त्यावर बायजाला टेकवून बसवलं, सगुणाच्या खांद्याला डोकं लावून. ढोकाळीच्या त्या हळदीनंतर पहिल्यांदाच सगुणा तिच्या इतक्या जवळ बसली होती. तासाभरात ठाण्याचा किनारा आला.

टेंभी नाक्याजवळ डॉक्टर उत्तरा टिपणीस यांचा दवाखाना नवा होता. दवाखान्यात बाई डॉक्टर आहे हे नाथाला बाजारात कळलं होतं, म्हणून त्याने तो निवडला. उत्तराबाईंनी बायजाला आत घेतलं, पडदा ओढला आणि म्हणाल्या, "बायजाबाई, पदर काढा आणि चोळीची गाठ सोडा. इथे आपल्या तिघींशिवाय कोणी नाही."

बायजाने सगुणाकडे पाहिलं. सगुणाने पुढे होऊन गाठ सोडली.

उत्तराबाईंनी बोटांनी छाती ठोकून पाहिली. उजवीकडे ठीक. डावीकडे वर ढोलकीसारखा पोकळ आवाज, खाली मुका. नळी लावली तर डाव्या बाजूला श्वास ऐकूच येईना. छातीत पाणी आणि हवा, त्यांच्या मनात आलं. श्वास इतका लागला होता की सुई घालून ते लगेच काढावं. त्यांनी सुई उकळून ठेवली होतीच, ती चिमट्याने उचललीसुद्धा.

मग त्या थांबल्या. छातीत पाणी झालं तर ताप यावा, खोकला यावा. या बाईला हिरव्या उलट्या कशाच्या? वारा का सरत नाही? हातातली सुई परत भांड्यात ठेवून त्यांनी पुन्हा नळी लावली, आणि या वेळी श्वास शोधायचं सोडून नुसतं ऐकत राहिल्या. एक मिनिट गेलं. बायजाच्या पोटात कळ उठली, तिने दात आवळले, आणि त्याच क्षणी छातीत, पाचव्या-सहाव्या बरगडीच्या आत, गुडगुड वाजली.

सगुणा दाराकडे सरकली. "आयकला ना डाक्टरीनबाय? त्यो बोलते."

"ऐकलं," उत्तराबाई म्हणाल्या. "बायजाबाई, तुमच्या छातीला कधी मार लागला होता का? जुना, बऱ्याच वर्षांपूर्वीचा?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. बायजानेही त्या पडण्याचा आणि या दुखण्याचा संबंध कधी लावला नव्हता. बरगड्या जुळल्या, ते प्रकरण तिथेच संपलं, असंच तिला वाटे. ती तुटक तुटक सांगू लागली. फळी, पडावाचा काठ, डावी कूस, धोंडीबाच्या पट्ट्या.

उत्तराबाईंनी तिची छाती आणि पोट यांचा एक्स-रे फोटो काढून घेतला. ठाण्यात तेव्हा त्याची सोय झाली होती. फिल्म ओलीच होती, ती त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि तिघांना दाखवली. उजव्या बाजूला फुप्फुस काळं, स्वच्छ. डाव्या बाजूला जिथे तसंच दिसायला हवं तिथे मोठे मोठे फुगे, एकावर एक.

"छाती आणि पोट यांच्या मध्ये एक मांसाचा पडदा असतो," त्यांनी सांगितलं. "आपण श्वास घेतो तो त्याच्या जोरावर. तुम्ही पडलात तेव्हा तो डावीकडे फाटला. बरगड्या जुळल्या, तो जुळला नाही. त्या भोकातून पोटातलं आतडं थोडं थोडं वर छातीत शिरत होतं. म्हणून दम लागायचा. काल हंडा उचलताना जोर पडला, आणखी आतडं वर गेलं आणि त्या भोकात आवळलं गेलं. आता खालचं वर नाही नि वरचं खाली नाही."

बायजा डोळे मिटून ऐकत होती. मिठागरातल्या बाईला हे समजायला अवघड नव्हतं. "बांधाला खांड परली," ती पुटपुटली. बांध फुटून भगदाड पडतं त्याला खांड म्हणतात. "आनि खारीचा पानी आगरात आला."

"तसंच."

जरा वेळाने बायजाने डोळे उघडले. "मंग त्यो आवाज?"

"तुमच्याच आतड्याचा. सगळ्यांच्या पोटात वाजतं, तुमच्या छातीत वाजतंय."

"माजाच?"

"तुमचाच."

बायजाला हसू आलं. हसल्याने अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सगुणा मात्र हसली नाही. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. उत्तराबाईंना वाटलं, ही दुखण्याने घाबरली. बायजाला खरं कारण ठाऊक होतं. तिने सगुणाच्या डोक्यावर हात ठेवला.

वेळ थोडा होता. आवळलेलं आतडं सडलं तर माणूस हाती लागत नाही. असलं ऑपरेशन करणारे सर्जन मुंबईला मोठ्या इस्पितळात होते. उत्तराबाईंनी फोन केला, टॅक्सी बोलावली, बायजाच्या नाकातून नळी घालून पोटातलं हिरवं पाणी काढून टाकलं आणि ओली फिल्म मांडीवर घेऊन स्वतः पुढच्या सीटवर बसल्या. नाथाने जन्मात पहिल्यांदा टॅक्सी पाहिली ती आतून.

सर्जनने नाथाला बाजूला घेऊन सांगितलं, छाती उघडावी लागेल, वाचेलच असं मी म्हणत नाही. नाथाने अंगठा दिला. बायजाने उत्तराबाईंना फक्त एवढंच विचारलं, "भोक बुजवतील ना? नुसता आतरा खाली नको घालू म्हनावं. बांध नाय बांधला त पानी परत येते." सर्जन म्हणे हे ऐकून खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बाई, तेच करायचं आहे."

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. डाव्या बाजूच्या बरगड्यांमधून त्यांनी छाती उघडली. आत मोठ्या आतड्याचा वेढा, पोटातली चरबीची झालर आणि जठराचा कोपरा सापडला. भोक चार बोटं रुंद, कडा जुन्या, जाड झालेल्या. वेढ्याचा रंग जांभळा पडला होता. कापून टाकावा की ठेवावा, हा प्रश्न होता. कोमट पाण्यात भिजवलेले कपडे त्यावर ठेवून ते वाट पाहत राहिले. वेढा हळूहळू गुलाबी झाला, मग हलला. तेव्हा त्यांनी सगळं खाली सरकवलं आणि भोक जाड रेशमी धाग्याने शिवून टाकलं. दबून बसलेलं डावं फुप्फुस थोडं फुललं. पुरतं नाही.

बायजाला जाग आली तेव्हा तिच्या कुशीतून रबरी नळी निघून खाटेखालच्या पाण्याच्या बाटलीत गेली होती. श्वास सोडला की बाटलीत बुडबुडे येत. चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले. त्याच दिवशी तिला वारा सरला. परिचारिकेने ही बातमी सर्जनना सांगितली आणि सर्जननी ती वॉर्डातल्या सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना मोठ्याने ऐकवली. असल्या गोष्टीचा एवढा आनंद साजरा करणारी माणसं बायजाने आधी पाहिली नव्हती. तिने शरमून पदर डोळ्यांवर ओढला.

पाचव्या रात्री परिचारिकेने तिच्या पाठीमागच्या उशा काढल्या. बायजा घाबरून म्हणाली, उताणी नको, दम कोंडेल. "निजून तर पाहा," परिचारिका म्हणाली. बायजा निजली. छताचा पंखा तिला पहिल्यांदा नीट दिसला. ती सकाळी सहापर्यंत हलली नाही.

तीन आठवड्यांनी ती कोलशेतला परतली. गावातल्या बायका भेटायला आल्या. आधी तब्येत विचारत, मग इकडचं तिकडचं बोलत, आणि शेवटी हळूच म्हणत, बघू गो. बायजा समजून जायची आणि पदर बाजूला करायची. एकेक जण कान लावून पाहायची. आत नुसता काळजाचा ठोका. सगुणाने कान लावला नाही. ती रोज पेज घेऊन यायची, भांडं ठेवायची, बायजाची वेणी घालायची. एके दिवशी वेणी घालता घालता म्हणाली, "मीच बोल्ली होती सगल्यांना."

"मना मालूम हाय," बायजा म्हणाली. "वेनी घट घाल. सैल होते तुजी."

मिठाची पाटी पुन्हा उचलायची नाही, असं सर्जनने बजावलं होतं. बायजाने दोन वर्षं ते पाळलं. मिठागरातल्या बायकांची पोरं सांभाळली, मालकाच्या परसात भाजी लावली. तिसऱ्या वर्षी अर्धी पाटी उचलायला लागली. डॉक्टरीणबाईंना ते सांगितलं नाही.

लग्नाची बोलावणी पुन्हा आली. पहिलं ढोकाळीहून आलं. नाथाला वाटलं, ती नाही म्हणेल. ती गेली. दम पहिल्यासारखा आला नव्हता, तो येणारही नव्हता, हे तिला दोन ओळींतच कळलं. ओळीच्या मध्येच तिला थांबावं लागलं. मागच्या बायका थांबल्या. तिने श्वास घेतला आणि पुढे म्हणू लागली. लोकांना वाटलं, धवला असाच असतो. पुढे मग गोदाला तिने सोबत बसवायला सुरुवात केली. लांब सूर गोदा धरायची, शब्द बायजाचे. कळव्याच्या बाईलाही ती दोन लग्नांत घेऊन गेली, कारण ती मध्येच शब्द विसरत असली तरी आवाज चांगला होता.

उत्तराबाईंच्या दवाखान्यात तिची ये-जा सुरू राहिली, पण स्वतःसाठी नव्हे. कोलशेतच्या कुठल्याही बाईला काही दुखलं, की बायजा तिला घेऊन जायची आणि पडद्याआड तिच्याबरोबर उभी राहायची. ती बाई पदर घट्ट धरून बसली तर बायजा म्हणायची, "सोर गो. कपऱ्यावरून कनाला आयकू येते?"

एकदा तर तिने पुरुषालाही नेलं. काळुराम नावाचा तिचा पुतण्या, सगुणाचा थोरला, खडीच्या गाडीवरून पडला आणि त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. धोंडीबा पट्ट्या बांधून गेला. बायजाला कळलं तशी ती त्याच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. फोटो काढल्याशिवाय आपण इथून हलणार नाही म्हणाली. काळुरामने खूप कुरकुर केली. शेवटी सगुणानेच त्याला उठवलं आणि तिघं ठाण्याला गेली. फोटो निघाला. पडदा शाबूत होता, फुप्फुस स्वच्छ होतं, दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्या धोंडीबाने नीट बांधल्या होत्या. करण्यासारखं काहीच नव्हतं.

"फुकट दिस घालवलास काकी," परत येताना काळुराम म्हणाला.

"बरा झाला फुकट गेला," बायजा म्हणाली आणि बाळकूमच्या बाजारात सुके बोंबील घ्यायला थांबली.